विरार लोकल ते हवाना

विरार लोकलमध्ये चढलेला माणूस आधी पाठीवरची बॅग पोटाशी घेतो आणि आत सरकायला वीतभर जागा झाली की ती डोक्यावरून पुढे देतो. ‘दादा, जरा वर ठेवा.’ एक अनोळखी हात ती घेतो. रॅकवरच्या डब्यांच्या पिशव्या, ओल्या छत्र्या, फायलींनी फुगलेल्या बॅगा थोड्या इकडेतिकडे सरकवल्या जातात आणि हीही तिथे बसते. वसई रोड सुटलं, नालासोपाऱ्याच्या लोकांची दाराकडे चुळबुळ सुरू झाली, की तीच बॅग चार हातांतून परत मालकाकडे येते. आत काय आहे, असं कोणी कोणाला विचारत नाही. पन्नासहून अधिक किलोमीटरचा हा रोजचा प्रवास असल्या न बोललेल्या विश्वासावर चालतो.

११ जुलै २००६च्या संध्याकाळी या विश्वासावरच घाव घातला गेला.

तो मंगळवार होता. पावसाळा ऐन भरात होता आणि २६ जुलै २००५च्या महापुराला वर्ष व्हायला पंधरा दिवस उरले होते. नालासोपाऱ्यातलं आचोळे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, वसई-विरार महापालिका २००९ साली. पण नालासोपारा पूर्वेचा हा भाग त्याआधीच गजबजून गेला होता. मुंबईत घर परवडत नाही म्हणून गिरगाव, परळ, दादर, जोगेश्वरीकडची माणसं विरारच्या दिशेने सरकत होती, त्यातली बरीच आचोळ्याच्या चाळींत आणि चार मजली इमारतींत स्थिरावली. घर इथे, पगार तिथे, आणि दोन्हींना जोडणारी एकच लोकल. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आचोळे रोडवर रिक्षांची रांग आणि भाजीच्या गाड्यांवरची गर्दी एकदम वाढायची, कारण पावणेसहा-सहाला चर्चगेट सोडलेली माणसं तेव्हा घरी पोचायची.

त्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पश्चिम रेल्वेवर पहिला स्फोट झाला आणि ६.३५ला सातवा. खार ते सांताक्रूझ, वांद्रे ते खार, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड ते भाईंदर, माटुंगा रोड ते माहीम आणि बोरिवली. अकरा मिनिटांत सात गाड्या. सगळे स्फोट फर्स्ट क्लासच्या पुरुषांच्या डब्यांत झाले. मुंबईबाहेरच्या माणसाला फर्स्ट क्लास म्हटलं की शेठजी आठवतात. या मार्गावर ते खरं नाही. बँकेतला कारकून, सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, हिरेबाजारातला दलाल, विम्याचा एजंट असे लोक तिमाही पास काढून त्या डब्यात उभे राहतात, उभं राहायला थोडी बरी जागा मिळते एवढ्यासाठी. १८०हून अधिक माणसं गेली, ८००हून अधिक जखमी झाली. डब्याचं पत्र्याचं छत डबा उघडावा तसं वर उचललं गेलं होतं. मीरा रोड-भाईंदरच्या मधल्या स्फोटात तिसाहून अधिक जीव गेले. तिथून पुढे वसईची खाडी, आणि खाडीपलीकडे नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार.

रूळांच्या कडेला राहणारी माणसं सर्वांत आधी धावली. घरातल्या चादरी काढून त्यांच्या झोळ्या केल्या आणि जखमींना उचलून रिक्षांत, टेम्पोत घातलं. रुग्णवाहिका नंतर आल्या. भगवती, कूपर, भाभा, सायन, केईएम इथल्या आवारांत मध्यरात्रीपर्यंत लोक याद्या वाचत उभे होते. मोबाइलचं जाळं कोलमडलं होतं आणि लँडलाइनही लागत नव्हती. खाडीपलीकडच्या माणसांची अडचण आणखी वेगळी होती. भाईंदर आणि नायगावच्या मधे रस्त्याचा पूल नव्हता. रेल्वे बंद पडली की घोडबंदरला वळसा घालून, वर्सोव्याच्या पुलावरून महामार्गाने यायचं, एवढीच वाट. त्या रात्री ज्यांना वाहन मिळालं ते ट्रकमधून, टेम्पोतून आले, बाकीचे चालत सुटले. घरच्यांकडे दूरदर्शनचा पडदा होता आणि त्यावर फिरणारी स्थानकांची नावं. आपला माणूस कुठल्या गाडीत होता, हे त्या नावांवरून ताडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पुन्हा धावत होती. वर्तमानपत्रांनी त्याला मुंबईचं ‘स्पिरिट’ म्हटलं. कौतुक करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण आचोळ्याहून सकाळच्या गाडीने निघालेल्या माणसाला घरी बसण्याची मुभाच नव्हती. रजा भरली की पगार कापला जातो, आणि दुसरी वाट नाही. त्याच्या धैर्याला दाद द्यावी, पण त्याच्या नाइलाजाला धैर्याचं नाव देऊन मोकळं होऊ नये.

इथून या गोष्टीचे दोन रस्ते झाले. एक काळाचौकी, भायखळा, आर्थर रोड करत सत्र न्यायालयात गेला. दुसरा दिल्ली, सेंट पीटर्सबर्ग करत क्युबाच्या हवानापर्यंत पोचला. दोन्ही रस्ते एकमेकांवर अवलंबून होते, आणि हे त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

आधी मुत्सद्देगिरीचा रस्ता पाहू.

२००६चा उन्हाळा भारत-पाकिस्तान संबंधांत त्यातल्या त्यात बरा होता. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादेत अटलबिहारी वाजपेयी आणि परवेझ मुशर्रफ यांचं संयुक्त निवेदन निघालं होतं. पाकिस्तानच्या ताब्यातली भूमी दहशतवादासाठी वापरू दिली जाणार नाही, असं आश्वासन मुशर्रफ यांनी त्यात दिलं होतं. सरकार बदललं, मनमोहन सिंग आले, तरी बोलणी थांबली नाहीत. एप्रिल २००५मध्ये मुशर्रफ दिल्लीत क्रिकेटचा सामना पाहायला आले आणि शांततेची ही वाट आता मागे वळणार नाही, असं दोन्ही नेत्यांनी जाहीर केलं. पडद्यामागे भारताचे सतिंदर लांबा आणि पाकिस्तानचे तारिक अझीझ काश्मीरच्या तोडग्यावर भेटत होते. परराष्ट्र सचिवांची पुढची बैठक जुलैच्या २० आणि २१ तारखेला दिल्लीत ठरली होती.

ती झाली नाही. १४ जुलैला मनमोहन सिंग मुंबईत आले. रुग्णालयांत जखमींना भेटले. सीमेपलीकडच्या लोकांचा या हल्ल्यात हात असल्याचं त्यांनी सांगितलं, २००४च्या आश्वासनाची आठवण करून दिली आणि ते पाळलं गेल्याशिवाय बोलणी पुढे जाणं कठीण आहे, असं स्पष्ट केलं. सचिवांची बैठक लांबणीवर पडली. तीनच दिवसांनी ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते. जी-८ राष्ट्रांची परिषद तिथे भरली होती आणि भारताला खास निमंत्रण होतं. जगातल्या बड्या राष्ट्रांनी मुंबईतल्या हल्ल्याचा निषेध केला.

निषेधाला तेव्हा जगात तोटा नव्हता, कारण सगळ्यांनीच मार खाल्ला होता. ७ जुलै २००५ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये ५२ लोक मेले होते. त्याआधी ११ मार्च २००४ला माद्रिदच्या चार उपनगरी गाड्यांत दहा बॉम्ब फुटून सुमारे १९० जीव गेले होते. माद्रिदचं चित्र तर थेट मुंबईसारखंच: सकाळची कामाची वेळ, उपनगरातून शहराकडे येणारी नोकरदार माणसं, गाडीत ठेवलेल्या बॅगा.

माद्रिदपाशी थोडं थांबायला हवं. स्पेनचं सरकार तेव्हा निवडणुकीच्या तोंडावर होतं. स्फोट होताच त्याने बास्क फुटीरवाद्यांच्या एटा संघटनेकडे बोट दाखवलं आणि पुरावा दुसरीकडे वळू लागला तरी तेच सांगत राहिलं. तीन दिवसांनी मतदान झालं आणि सरकार पडलं. दरम्यान पोलीस मात्र आपलं काम करत होते. गाड्यांतून गोळा केलेल्या प्रवाशांच्या सामानात त्यांना एक न फुटलेली बॅग सापडली. आत स्फोटकं आणि त्यांना जोडलेला मोबाइल फोन होता. फोनमधल्या सिमकार्डावरून माग काढत ते माद्रिदच्या लावापिएस भागातल्या एका दुकानापर्यंत गेले आणि पहिल्या अटका झाल्या. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी, साडेतीन वर्षांनी, निकाल लागला. २८ आरोपींपैकी २१ दोषी ठरले, सात सुटले. सरकार चुकलं, पण तपास सरकारच्या मागे फरफटत गेला नाही. एका बॅगेने खटला उभा केला.

मुंबईत काय झालं, ते याच्या शेजारी ठेवून पाहावं लागतं.

तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे होता. जुलैच्या उत्तरार्धापासून अटका सुरू झाल्या. धरपकड मोठी होती आणि दडपण त्याहून मोठं. ८ सप्टेंबरला शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, तिसाहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रात दोन महिन्यांत दुसऱ्यांदा आकांत झाला होता.

त्यानंतर आठच दिवसांनी, १६ सप्टेंबर २००६ला, अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेच्या निमित्ताने मनमोहन सिंग आणि मुशर्रफ हवानात भेटले. थांबलेली बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि एक नवी गोष्ट जाहीर झाली. दहशतवादाविरुद्ध भारत आणि पाकिस्तानची संयुक्त यंत्रणा. एखाद्या हल्ल्याची माहिती एका देशाने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने ती तपासायची आणि उत्तर द्यायचं. भारतात यावर वादळ उठलं. ज्याच्यावर संशय त्यालाच तपासात सहभागी करून घ्यायचं का, असा विरोधकांचा सवाल होता आणि निवृत्त राजदूतांतल्या अनेकांचाही. सरकारचं म्हणणं असं की पाकिस्तानपुढे ठोस पुरावा ठेवला की एक तर त्याला कृती करावी लागेल, नाहीतर जगापुढे तो उघडा पडेल.

युक्तिवाद वाईट नव्हता. फक्त त्याचा सगळा भार ‘ठोस पुरावा’ या दोन शब्दांवर होता, आणि ते दोन शब्द पुरवण्याचं काम मुंबईतल्या चौकीत बसलेल्या तपास अधिकाऱ्यांकडे होतं.

हवानानंतर पंधरवड्याने, ३० सप्टेंबरला, मुंबईचे पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत प्रकरणाचा उलगडा झाल्याचं जाहीर केलं. लष्कर-ए-तोयबाने पाकिस्तानच्या आयएसआयच्या मार्गदर्शनाखाली कट रचला, भारतात सिमी संघटनेच्या लोकांनी साथ दिली, पाकिस्तानातून अकरा जण सीमा ओलांडून आले, गोवंडीतल्या एका घरात बॉम्ब तयार झाले, प्रेशर कुकरमधून ते चर्चगेटला नेऊन गाड्यांच्या रॅकवर ठेवले, असा तो तपशील होता. इस्लामाबादने लगेच हात झटकले आणि पुरावा मागितला.

ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांना दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत याच पुराव्याबद्दल विचारलं गेलं. पुरावा चांगला आहे, पण निर्णायक म्हणायला आपण कचरू, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. एका अनुभवी गुप्तचर अधिकाऱ्याचं हे प्रामाणिक उत्तर होतं. त्यावर गदारोळ झाला, सरकारला सारवासारव करावी लागली. पण आज मागे वळून पाहताना या सगळ्या प्रकरणात सर्वांत सरळ बोललेला माणूस तोच वाटतो.

वसई तालुक्याला तह-करार नवे नाहीत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १८०२ सालच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईतच झाला आणि मराठेशाहीचा कणा मोडला. दोन्ही वेळा कागदावर सह्या करणारे बाहेरून आले आणि निघून गेले. शेतकरी, कोळी, मिठागरांवर राबणारे यांचं पुढे काय झालं, याचा त्या कागदात शब्द नाही. हवानाच्या निवेदनातही भाईंदरच्या रुळांवर पडलेल्या माणसांची नावं नव्हती. ती असायला हवीत अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण त्यांच्या नावाने थांबलेली बोलणी त्यांच्याच नावाने पुन्हा सुरू होताना, मारेकरी नेमके कोण याचं पक्कं उत्तर टेबलावर असणं, एवढं तरी त्यांचं देणं होतं.

संयुक्त यंत्रणेची पहिली बैठक मार्च २००७मध्ये इस्लामाबादला झाली. ती होण्याआधीच आणखी एक गाडी जळाली होती. १८ फेब्रुवारी २००७च्या रात्री दिल्लीहून अटारीकडे निघालेल्या समझौता एक्सप्रेसच्या दोन डब्यांत पानिपतजवळ दिवाना इथे स्फोट होऊन आग लागली. ६८ माणसं गेली, त्यांतली बहुतेक पाकिस्तानी होती. इथेही सामानातच मृत्यू ठेवलेला होता, फक्त इथे सुटकेस होत्या. या वेळी मात्र बोलणी थांबली नाहीत. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी दोनच दिवसांत दिल्लीत आले आणि अण्वस्त्रांच्या अपघाताचा धोका कमी करण्याच्या करारावर सह्या झाल्या. इस्लामाबादच्या बैठकीत अशा तऱ्हेने दोन गाड्यांचं दुःख एकाच टेबलावर आलं. भारताने मुंबईचं विचारलं, पाकिस्तानने समझौताचं.

पुढे या यंत्रणेची कथा लवकर सांगून होते. ऑक्टोबर २००७मध्ये दिल्लीत बैठक झाली, जून २००८मध्ये पुन्हा इस्लामाबादेत. जुलै २००८मध्ये काबूलमधल्या भारतीय वकिलातीवर हल्ला झाला, म्हणून २४ ऑक्टोबरला खास बैठक बोलावली गेली. त्यानंतर महिन्याने दहा माणसं समुद्रमार्गे मुंबईत उतरली. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी बोलण्यांसाठी दिल्लीतच होते. संयुक्त यंत्रणा त्या रात्रीनंतर उरली नाही.

२६/११ने मात्र एक गोष्ट दाखवून दिली. अजमल कसाब जिवंत सापडला होता. हल्लेखोरांचं आणि त्यांना सूचना देणाऱ्यांचं फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, उपग्रह फोन आणि जीपीएसच्या नोंदी होत्या, अमेरिकेच्या एफबीआयचे तज्ज्ञ साक्ष द्यायला तयार होते. ५ जानेवारी २००९ रोजी भारताने हे सगळं एका दस्तऐवजाच्या रूपाने पाकिस्तानच्या हाती दिलं. दोन दिवसांत पाकिस्तानला कसाब आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं आणि १२ फेब्रुवारीला त्यांचे अंतर्गत व्यवहारांचे प्रमुख रेहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचं जाहीरपणे कबूल केलं. त्याआधी १० डिसेंबर २००८लाच संयुक्त राष्ट्रांच्या समितीने हाफिज सईदचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत घातलं होतं. पाकिस्तानातला खटला पुढे रखडला, हे खरं. तरी सोळा वर्षं उलटून गेल्यावर, १० एप्रिल २०२५ला तहव्वूर राणा अमेरिकेतून भारतात आणला गेला, तो त्या जुन्या पुराव्याच्या बळावर. परदेशातला न्यायाधीश आपल्या घोषणा ऐकत नाही. तो कागद वाचतो.

२००६च्या लोकल स्फोटांचा कागद तेव्हा कुठे होता?

संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखाली तेरा जणांवर आरोपपत्र दाखल झालं होतं. मोक्का कायद्याच्या वैधतेला आव्हान दिलं गेलं म्हणून २००८ ते २०१० खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबला. त्याच काळात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या लोकांना पकडलं आणि त्यांच्यातल्या एकाने लोकलमधले स्फोट आपल्या गटाने केल्याचं सांगितल्याचं बाहेर आलं. एकाच राज्याच्या पोलिसांच्या दोन हातांत एकाच गुन्ह्याचे दोन वेगळे सूत्रधार! या विसंगतीचा छडा लावणं हे पहिलं काम असायला हवं होतं. तसं सांगणारा तो माणूस पुढे न्यायालयात साक्ष देताना उलटला आणि प्रश्न तसाच राहिला. ११ फेब्रुवारी २०१०ला आरोपींचे एक वकील शाहिद आझमी यांचा कुर्ल्यातल्या त्यांच्या कचेरीत गोळ्या घालून खून झाला.

११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. एकजण नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. ३० सप्टेंबरला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. मीरा रोडजवळच्या स्फोटात डोक्याला मार लागलेला एक तरुण नऊ वर्षं रुग्णालयात पडून होता, तो त्या निकालाच्या दोन महिने आधी गेला. त्याच्या घरच्यांसाठी ११ जुलै ही तारीख नऊ वर्षं संपलीच नव्हती.

आणि मग २१ जुलै २०२५. सोमवार होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. येरवडा, नाशिक, अमरावती, नागपूर इथल्या तुरुंगांतून कैदी पडद्यावर ऐकत होते. फाशी झालेल्या पाचांतला एकजण २०२१मध्ये तुरुंगातच वारला होता. निर्दोष असल्याचं ऐकायला तो नव्हता.

निकालपत्र सहाशेहून अधिक पानांचं आहे, पण त्यातली कारणं साध्या भाषेत सांगता येतात. कबुलीजबाब एकमेकांशी इतके जुळत होते की ते एकाच साच्यातून निघाल्यासारखे होते, आणि ते मिळवण्यासाठी छळ झाल्याचं आरोपींनी सिद्ध केलं आहे, असं न्यायालयाने म्हटलं. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं ते शंभरहून अधिक दिवसांनी. इतके दिवस ते गप्प का होते, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. जप्त केलेली स्फोटकं नीट मोहोरबंद केल्याचं दिसत नव्हतं. आणि सर्वांत धक्कादायक म्हणजे बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, एवढंही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. ज्या प्रेशर कुकरची कहाणी एकोणीस वर्षं घराघरांत सांगितली गेली, ती न्यायालयात पायावर उभी राहिली नाही.

मोहोर ही किती छोटी गोष्ट! पिशवीला दोरा बांधायचा, लाख वितळवून ठसा उमटवायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या, मुद्देमालाच्या खोलीत नोंद करायची. दहा मिनिटांचं काम. प्रत्येक पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला ते येतं. पण तो ठसा नसेल, तर पिशवीतला माल घटनास्थळाहून आला की आणखी कुठून, हे एकोणीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. मग तो माल मुंबईच्या न्यायालयात उपयोगाचा राहत नाही, आणि जो मुंबईत टिकला नाही तो इस्लामाबादेत, वॉशिंग्टनमध्ये किंवा संयुक्त राष्ट्रांत काय टिकणार?

२४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या अर्जावर आदेश दिला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायची गरज नाही, पण उच्च न्यायालयाचा हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. अपिलाची सुनावणी पुढे होईल, असं तेव्हा ठरलं.

समझौता एक्सप्रेसचंही वेगळं काही झालं नव्हतं. पंचकुलाच्या विशेष न्यायालयाने २० मार्च २०१९ला चारही आरोपींना सोडलं. ते हिंदू होते आणि मुंबईचे आरोपी मुसलमान. त्यामुळे एका निकालावर एका बाजूचे लोक खूश झाले, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूचे. २००६च्या मालेगाव स्फोटात आधी पकडलेले मुसलमान तरुण २०१६मध्ये दोषमुक्त झाले, आणि मुंबईच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ला, २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. या आनंदात आणि संतापात मेलेल्यांकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही. इस्लामाबादच्या त्या टेबलावर २००७ साली ज्या दोन गाड्या ठेवल्या गेल्या होत्या, त्या दोन्ही गाड्यांचा मारेकरी भारतातल्या न्यायालयाच्या दप्तरी आज कोणीही नाही. पाकिस्तान जबाबदार नव्हता, असा याचा अर्थ होत नाही. लष्कर-ए-तोयबाने या शहरात काय केलं, ते २६/११ने सिद्ध केलं आहे. अर्थ इतकाच की लोकलच्या बाबतीत आपण जे जगाला सांगितलं, ते आपल्याच घरात शाबीत करू शकलो नाही.

दोष कुणा एका अधिकाऱ्याचा मानून सुटका होत नाही. शहर हादरलेलं होतं. वाहिन्यांना दर तासाला नवं नाव हवं होतं. दिल्लीला परदेशात दाखवायला कागद हवा होता आणि तोही लवकर. लोकांनाही, खरं सांगायचं तर, कुणीतरी पकडलं गेल्याचं समाधान हवं होतं. नेमकं कोण पकडलं गेलं, हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. २००६च्या सप्टेंबरात ‘अजून तपास पुरा झालेला नाही, थांबा’ असं म्हणणारा अधिकारी नेभळट ठरला असता. तसं म्हणण्याची हिंमत आणि तसं म्हणू देण्याची समज, दोन्ही त्या वेळी कमी पडल्या.

१८ जुलै २००६ला, स्फोटांना आठवडा झाला त्या संध्याकाळी, मुंबईने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहिली. माहीम स्थानकावर मेणबत्त्या लागल्या. तेव्हापासून दरवर्षी ११ जुलैला तिथे काही कुटुंबं येतात. काही वाकलेली आई-वडील मंडळी असतात, काही त्या वर्षी शाळेतही न गेलेली मुलं, जी आता स्वतःच नोकरीला लागली आहेत आणि याच मार्गाने ये-जा करतात. स्फोटात पाय गेलेले, ऐकू येईनासं झालेले लोकही येतात. २०२५च्या ११ जुलैला ते आले, तेव्हा अकरा जण शिक्षा भोगत होते आणि निकाल दहा दिवसांवर होता.

त्या २१ तारखेच्या संध्याकाळी विरार लोकल नेहमीसारखी भरलेली होती. बातमी सकाळीच मोबाइलवर आली होती. अंधेरीला गर्दी आणखी वाढली, बोरिवलीला जरा हलली. वसई रोड सुटल्यावर नालासोपाऱ्याचे लोक दाराकडे सरकू लागले, आणि रॅकवरच्या बॅगा एकेक करून खाली येऊ लागल्या.